मेट ऑफिसचा पाच वर्षांचा अंदाज: बारा वर्षं वापरून झाल्यावर

वस्तू: ब्रिटनच्या हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा, जागतिक तापमानाचा पाच वर्षांचा अंदाज. किंमत: फुकट, म्हणजे माझ्या पगारातून कापलेल्या करात आधीच चुकती झालेली. वापर: जानेवारी २०१३ पासून, दर वर्षी. तारे: पाचपैकी साडेतीन.

मिक्सरचे, कुकरचे अभिप्राय लोक लिहितात, अंदाजाचा कोण लिहितं? पण घरातल्या कुठल्याही मिक्सरपेक्षा जास्त भांडणं मी या वस्तूपायी केली आहेत, एक पैजही लावली आहे. तेव्हा लिहायचा हक्क पोचतो.

मी मूळची तासगावची. एक्झिटरजवळच्या एका मोठ्या रोपवाटिकेत हिशेब बघते. मेट ऑफिसची इमारत आमच्या गोदामापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. २००३ साली त्यांनी ब्रॅकनेलहून बिऱ्हाड हलवलं ते इकडेच. मी आत कधी गेलेली नाही. पण चहाच्या सुट्टीत त्या इमारतीवर जेवढी चर्चा आमच्याकडे होते तेवढी आत होत असेल की नाही, शंका आहे. रोपं विकणाऱ्यांना हवामान म्हणजे धंदा. थंडी लांबली की पॅन्सी आणि प्रिमरोजचे ट्रे मांडणीवरच वाळतात आणि मार्चचा तोटा मेच्या विक्रीतूनही निघत नाही.

जानेवारी २०१३. नाताळची सुट्टी संपवून आम्ही परत आलो तर गोदाम सांभाळणारे आजोबा (त्यांना आजोबा मी मनातल्या मनात म्हणायचे, तोंडावर नाव घ्यायचे, इथली रीत तशी) वर्तमानपत्र हातात घेऊन वाटच बघत होते. “बघ, तुझ्या शेजाऱ्यांनी माघार घेतली!”

घडलं होतं असं. मेट ऑफिसने २४ डिसेंबर २०१२ ला आपल्या संकेतस्थळावर पाच वर्षांचा नवा अंदाज टाकला. आधीच्या अंदाजात म्हटलं होतं की २०१२ ते २०१६ या पाच वर्षांचं सरासरी तापमान १९७१-२००० च्या सरासरीपेक्षा ०.५४ अंशाने जास्त राहील. नव्यात २०१३ ते २०१७ साठी आकडा आला ०.४३. म्हणजे साधारण एक पंचमांश घट. कुठेही घोषणा नाही, पत्रक नाही. हवामानबदलाबद्दल शंका घेणाऱ्या लोकांच्या नजरेला ते पडलं, ८ जानेवारीला बीबीसीवर बातमी झाली, आणि मग जो तो त्यावर तुटून पडला. ०.४३ म्हणजे १९९८ च्या तेव्हा गाजलेल्या विक्रमाच्याच आसपास, म्हणजे वीस वर्षं तापमान वाढलंच नाही, असा हिशेब एका बाजूने मांडला. दुसऱ्या बाजूने शास्त्रज्ञ सांगत राहिले की शतकाच्या अखेरीच्या अंदाजाला याने काहीही धक्का लागत नाही. मेट ऑफिसने मग खुलासा केला. पण खुलासा भांडणानंतर आला की तो सबबीसारखाच ऐकू येतो.

गंमत अशी की त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलिया भाजून निघत होता. तिथल्या हवामान खात्याला नकाशावर ५० अंशांच्या पुढचे रंग नव्हते, म्हणून ५४ पर्यंत जायला जांभळा आणि गुलाबी असे दोन नवे रंग घालावे लागले. एकाच दिवशीच्या बातम्यांत इंग्लंडातलं शास्त्र आकडा खाली आणत होतं आणि ऑस्ट्रेलियातलं नकाशाचं माप वर वाढवत होतं. आजोबांच्या वर्तमानपत्रात पहिली बातमी मोठी होती.

आता वस्तूकडे येते. त्या पानावर ०.४३ हा एकटा आकडा नव्हता. शेजारी लिहिलं होतं: ०.२८ ते ०.५९, नव्वद टक्के खात्रीने. माझ्या मते खरा माल तोच, तो पट्टा. ०.४३ म्हणजे पट्ट्याच्या मधोमध ठेवलेलं बोट. आणि जुन्या अंदाजाचा पट्टा होता ०.३६ ते ०.७२. दोन पट्टे एकमेकांवर ठेवून पाहा, बराचसा भाग सारखाच आहे. एवढं पाहिलं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. पण पट्ट्याचं मथळ्यात काय करणार? मथळ्याला एकच आकडा लागतो.

१९९८ वाल्या युक्तिवादावर मात्र माझ्यातली हिशेबनीस तेव्हाच उठून उभी राहिली. १९९८ हे एकटं वर्ष, तेही जबरदस्त एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून सगळं जग तात्पुरतं जास्त गरम होतं त्याचं. आणि ०.४३ ही पाच वर्षांची सरासरी. आमच्या एका मदर्स डेच्या आठवड्याची विक्री घ्या आणि तिच्याशी पाच वर्षांच्या साप्ताहिक सरासरीची तुलना करा. सरासरी जर त्या आठवड्याइतकी झाली तर मालक काय म्हणेल, धंदा थांबला? मालक पेढे वाटेल. (इथे पेढे मिळत नाहीत, पण भाव तोच.)

मी हे चहाच्या टेबलावर बोलले. आजोबा म्हणाले, “ठीक आहे. अंदाज चुकणार, माझी पैज.” मी म्हणाले, आकडा पट्ट्याच्या आत राहील, माझी पैज. हरणाऱ्याने सगळ्यांना क्रीम टी द्यायचा: स्कोन, घट्ट साय, जॅम. डेव्हनमध्ये साय आधी लावतात आणि जॅम वरून, कॉर्नवॉलमध्ये उलटं, आणि हवामानाच्या वादापेक्षा तो वाद जुना आहे. पैजेची मुदत जानेवारी २०१८.

एक तारा मी कापला तो २४ डिसेंबरसाठी. माल वाईट नव्हता, बांधणी वाईट होती. जगाचं तापमान पूर्वी सांगितल्यापेक्षा कमी वाढेल असं सांगायचं आहे, तर ते नाताळच्या आदल्या दिवशी, कुणी बघत नसताना, एक ओळही न बोलता? मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण २००९ साली त्यांनी ‘बार्बेक्यू उन्हाळा’ येणार असं एप्रिलमध्ये सांगितलं होतं, जुलै धो धो पावसात गेला आणि देश त्यांच्यावर इतका हसला की पुढच्या वर्षी लोकांसाठीचा हंगामी अंदाजच त्यांनी बंद केला. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकून प्यायले. माणसाचा स्वभाव समजतो, पण हिशेबाच्या कामात त्याला माफी नाही. आमच्याकडे तिमाहीचा आकडा खाली आणायचा असेल तर नियम एकच: आधी स्वतः सांगायचं, मोठ्याने सांगायचं, कारणासकट सांगायचं. ऑडिटरला सापडण्याच्या आत.

सुधारण्याबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. तिमाही संपली की अंदाजपत्रक मी दुरुस्त करते. एप्रिलचा खप बघून मेचा आकडा बदलला नाही तर मला कामावरून काढतील. आणि इथे नुसता आकडा नव्हे, यंत्रच बदललं होतं. नवं प्रारूप, म्हणजे हवामानाची संगणकावरची नक्कल, आलं होतं, हॅडजेम३ नावाचं. या पाच वर्षांच्या अंदाजाची पद्धत शंभर वर्षांच्या अंदाजाहून वेगळी आहे. त्यात आजचा समुद्र किती गरम आहे, कुठला प्रवाह कसा चालला आहे, इथून सुरुवात करतात आणि संगणकावर तेच भविष्य थोड्याथोड्या फरकाने पुन्हा पुन्हा चालवून बघतात. उष्णता साठतेच आहे, पण काही वर्षं समुद्र ती पोटात घेतो, काही वर्षं बाहेर टाकतो. पाच वर्षांत समुद्राची लहर जोरात असते, शंभर वर्षांत धुराचा हिशेब जोरात असतो. दोन दुकानं आहेत ही. एकाच्या मालाची तक्रार दुसऱ्याच्या काउंटरवर नेऊन कसं चालेल? आजोबा ती नेत होते, आणि खरं सांगायचं तर आमच्या बाजूची माणसंही एखादा गरम उन्हाळा आला की तेच करतात.

तासगावला अण्णांना फोनवर हे सांगितलं. अण्णा द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, आणि मधल्या सगळ्या महिन्यांत आभाळाकडे मान वर. अवकाळीचे दोन शिंतोडे आले तरी डावणी रोगाच्या फवारणीला पंप पाठीवर. ते म्हणाले, “अगं, आपलं हवामान खातंसुद्धा पावसाचा एप्रिलमध्ये एक टक्का सांगतं आणि मेअखेर दुसरा. शब्द फिरवणाऱ्याला गावात उधार देत नाहीत.” मी म्हणाले, अण्णा, पंचांगवाला कधीच शब्द फिरवत नाही. मृगाचं वाहन म्हैस म्हणून एकदा छापलं की म्हैसच, मग पावसाचा टिपूस न येवो. त्याच्या भरवशावर छाटणी धराल का? त्यावर पलीकडून नुसतं हुं आलं. अण्णांच्या हुं मध्ये मान्य आणि अमान्य दोन्ही मावतात.

पण मग त्यांनी खरा बाण काढला: “आणि ते हिमालयाचं?” तो मात्र लागला. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे असं वाक्य होतं. आपल्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चापत्राचा सूर वेगळा होता, तेव्हा आयपीसीसीच्या अध्यक्षांनी ते झिडकारलं, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीलाच कबूल करावं लागलं की त्या वाक्याला पुरेसा आधार नव्हता. ती चूक. निव्वळ चूक, तपासल्याशिवाय वहीत चढवलेली. तिला सुधारणा म्हणून खपवता येणार नाही. ०.५४ चं ०.४३ होणं ही दुसरी जात आहे. अडचण अशी की लांबून दोन्ही सारखीच दिसतात: आधी एक म्हणाले, मग दुसरं म्हणाले. तासगावहूनच नव्हे, आमच्या गोदामातूनही सारखीच दिसतात.

वापरण्याबद्दल एक धोक्याची सूचना. ही वस्तू घरगुती कामाला निरुपयोगी आहे. त्याच २०१३ चा मार्च ब्रिटनमध्ये १९६२ नंतरचा सगळ्यात थंड मार्च निघाला. आमच्या काचघरांच्या तापवणीचं बिल बघून मालकाने कपाळाला हात लावला आणि ट्रेच्या ट्रे कंपोस्टात गेले. आजोबा हातमोजे चोळत रोज विचारायचे, “कुठे गेली तुमची वाढ?” अख्ख्या जगाची पाच वर्षांची सरासरी तुम्हाला डेव्हनमधला मार्च सांगत नाही, सांगलीतली गारपीटही नाही. ज्याला उद्या कपडे वाळत घालायचे आहेत त्याने हे पान उघडू नये.

पुढे काय झालं ते सांगते. २०१४ ने जुने विक्रम गाठले. २०१५ ने मोडले. २०१६ ने २०१५ चे मोडले. जानेवारी २०१८ मध्ये मी मेट ऑफिसचाच मोजणीचा तक्ता उघडला, हॅडक्रट४ म्हणतात त्याला, १९७१-२००० ची सरासरी वजा केली आणि २०१३ ते २०१७ चा आकडा काढला. माझ्या हिशेबाने ०.५५ च्या थोडा वर. पट्ट्याच्या आत, पण वरच्या काठाला टेकलेला. आणि ज्या ०.५४ वरून एवढा गदारोळ झाला होता तो २०१२-१६ चा जुना, मागे घेतलेला अंदाज? त्या पाच वर्षांचं खरं उत्तर ०.५२ च्या आसपास. म्हणजे सुधारलेल्यापेक्षा टाकून दिलेलाच जास्त जवळ होता! नवं यंत्र, नवी पद्धत, आणि बाण जुन्याचा लागला. यावर वर्तमानपत्रात मथळा आलेला मी तरी पाहिला नाही.

आजोबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “०.४३ म्हणाले होते. ०.४३ आलं का? नाही. म्हणजे चुकलं.” मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं घासाघीस झाली. शेवटी ते मानाने हरले आणि दुसऱ्या दिवशी स्कोनचा डबा आला. साय आधी, जॅम वरून.

मी ही वस्तू तेव्हापासून सोडली नाही. आता मेट ऑफिस जागतिक हवामान संघटनेसाठी असाच अंदाज दर वर्षी तयार करतं, बऱ्याच देशांच्या संस्थांची प्रारूपं एकत्र करून. त्यात एक आकडा मी वहीत लिहून ठेवते: येत्या पाच वर्षांपैकी निदान एखादं वर्ष औद्योगिक काळाआधीच्या तापमानापेक्षा १.५ अंशाहून जास्त गरम असण्याची शक्यता. २०२१ ला ४० टक्के. २०२२ ला जवळजवळ ५०. २०२३ ला ६६. २०२४ ला ८०. २०२५ ला ८६. दर वर्षी सुधारणा आणि दर वर्षी वरच्या दिशेने. आकडा एकदा खाली आला तेव्हा टेबलावर मुठी आपटणारे आता कुठे आहेत? आणि सुधारणा हीच जर लबाडी असेल तर ही पाच वर्षांची लबाडी कुणाच्या फायद्याची?

एका वर्षाच्या अंदाजात तर मेट ऑफिसने एकदा चांगलाच मार खाल्ला. डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, २०२३ साल औद्योगिक काळाआधीपेक्षा १.२० अंशाने जास्त गरम असेल, पट्टा १.०८ ते १.३२. निघालं १.४६. पट्ट्याच्या बाहेर, आणि चांगलंच बाहेर. एल निनो होता, पण तेवढ्याने हिशेब जुळेना. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, त्याने हवा स्वच्छ झाली आणि ऊन जास्त पोचू लागलं, असं काही जण म्हणतात. समुद्रावरचे खालचे ढग कमी झाले, असं दुसरे दाखवतात. नासाच्या हवामान प्रयोगशाळेचे प्रमुख गॅव्हिन श्मिट यांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये उघडच लिहिलं की नेहमीच्या कारणांनी हे वर्ष पूर्ण उलगडत नाही. हा लेख मला पावतीसारखा वाटला. दुकानदार स्वतः पाटीवर लिहितो आहे की आमचा काटा इथे कमी पडला. २०२४ साठी त्यांनी १.३४ ते १.५८ सांगितलं आणि ते वर्ष पट्ट्यात बसलं, वरच्या अंगाला.

म्हणजे २०१३ च्या भांडणात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की चूक झाली तर ती वाढ जास्त सांगण्याचीच असणार. माझ्या वहीतल्या या दोन मोठ्या चुका मात्र कमी सांगण्याच्या निघाल्या. उलट दिशेचं उदाहरणही आहे, ते लपवणार नाही: २००७ साली याच पद्धतीच्या पहिल्या अंदाजाने २०१४ हे २००४ पेक्षा ०.३ अंशाने गरम असेल म्हटलं होतं, तेवढी वाढ झाली नाही.

उरलेला अर्धा तारा कापला तो पट्ट्याच्या मधोमध ठेवलेल्या त्या बोटासाठी. आजही मधला आकडा ठळक आणि पट्टा फिका अशीच मांडणी बातम्यांत उतरते. मी असते तर मधला आकडा छापलाच नसता. आमच्या अंदाजपत्रकात मी मालकाला दोनच आकडे देते, वाईटात वाईट आणि चांगल्यात चांगलं, आणि तिसरा विचारला तर चहा करायला उठते.

आता एक कबुली राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मेट ऑफिस आणि ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने मोजणीचा तक्ताच सुधारला. जुन्यात आर्क्टिकचा बराच भाग मोजमापांअभावी कोरा राहायचा, आणि जग सगळ्यात वेगाने तापतं ते तिथेच. नव्या तक्त्यात, हॅडक्रट५ मध्ये, त्या जागा शास्त्रीय पद्धतीने भरल्या. म्हणजे भविष्याबरोबर भूतकाळही सुधारला. एका रविवारी मी सहज २०१३ ते २०१७ चा हिशेब नव्याने मांडला. आकडा ०.५९ च्या पलीकडे गेला. पट्ट्याच्या बाहेर.

पैज जुन्या तक्त्यावर लागली होती, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण सुधारलेला आकडा मानायचा की नाही, यावर चहाच्या टेबलावर पाच वर्षं कुणी कुणाला शिकवलं होतं?

आजोबा निवृत्त होऊन डॉलिशला राहतात. मागच्या महिन्यात स्टेशनवर भेटले. “बघतेस का अजून ते पान?” म्हणाले. बघते म्हटलं. मग त्यांनी टोमॅटोचा विषय काढला, यंदा बाहेरच्या वाफ्यातले काचघरातल्यांच्या आधी पिकले म्हणून, आणि माझी गाडी आली.